भुई कोनाची

हसुराम मढवी आमच्या ओटीवर चढला तेव्हा गोमीआत्या दारात खाडीतल्या निवट्या साफ करत बसली होती. त्यानं चपला काढल्या नाहीत, ‘येऊ का’ म्हणून विचारलं नाही. ओटीवरची एकुलती एक खुर्ची स्वतःच पुढे ओढली, तिच्यावर ऐसपैस बसला आणि हातातला नारळ आणि सुपारी आत्याच्या पाटाशेजारी ठेवली.

“नातीचा लगीन काढलाय,” तो म्हणाला. “श्रुतिकाचा. धवला तूच बोलायचास, गोमे.”

आत्यानं मान वर केली नाही. मी आत चहाचं आधण टाकलं होतं, ते तसंच उतरवून ठेवलं. ह्या माणसाला आमच्या घरचा चहा पाजायची माझी मुळीच इच्छा नव्हती. आमच्या घराची भुई गिळून तो मोठा झाला होता, आणि आता आमचीच खुर्ची दाबून बसला होता.

आमच्या आगऱ्यांच्या लग्नात भटजी येतो तो उशिरा. त्याआधीचं सगळं, म्हणजे मांडव, तेल, हळद, धवलारीण लावते. ती धवला, म्हणजे लग्नविधीचं गाणं, म्हणते आणि बाकीच्या बायका ओळ उचलून तो झेलतात. खारदेवलीची धवलारीण म्हणजे माझी ही आत्या, आणि तिच्या शेजारी बसून पहिला झेल घेणारी मी. खारदेवली हे गाव आता शोधू नका. सेक्टर सतरा म्हणा, कोणीही आणून सोडेल.

“हॉल कनचा?” आत्यानं विचारलं.

“हॉल नाय. घराचे म्होरं, अंगनान. पोरगी हट्टाला पेटलीय. मांडव पायजे, धवलारीन पायजे, सगला जुना पायजे. शुटिंगवाला पन मुंबयचा सांगलाय.”

आत्याची सुरी थांबली. तिनं हात धुतले, लुगड्याच्या टोकाला पुसले आणि सुपारी उचलून कनवटीला लावली.

“येन.”

हसुराम उठला नाही. आवाज उतरवून म्हणाला, “तो भुईचा धवला जरा आखूड कर. हल्ली कोनाला टायम नसतो.”

“धवला आखूड होत नाय. आखूड करायचा तं मंग सीडी लाव.”

“तसा नाय गो…”

“सुपारी घेतली मी. जा आता, माजी मासली वास मारतेय.”

तो गेल्यावर मी आत्याला धरलं. कशाला घेतलीस त्याची सुपारी? गावात दुसऱ्या बायका नाहीत धवला म्हणणाऱ्या? आत्या निवट्यांना मीठ लावत राहिली. शेवटी म्हणाली, “त्याचे दोन पोरांचे लगीन झाले, तीन पोरींचे झाले. समदे कंय झाले?”

“पनवेलच्या हॉलवर.”

“हॉल कनचे मजल्यावर?”

मला आठवलं. प्रत्येक वेळी जिना चढावा लागला होता. एकदा तर म्हाताऱ्या बायका कुरकुरल्या होत्या की मढव्याला पैशाचा माज आलाय, लग्नाला डोंगर चढायला लावतो.

“माडीवर भुई नसते, कुंदे,” आत्या म्हणाली. “भुई नाय, तं भुईचा धवला नाय. त्यानी इतकी वरसं माना टालला. आता त्याचे नातीनीच त्याला खाली उतरवला.”

भुईचा धवला फक्त आमच्या गावचा. शेजारच्या गावांतही तो कोणी म्हणत नाही, कारण त्यांची भुई डोंगराकडची, आपोआप मिळालेली. आमची सगळी जमीन खाजणाची. खाडीला बांध घालून, उघाडीची दारं बसवून, भरतीचं पाणी बाहेर ठेवून बापजाद्यांनी ती समुद्राच्या तोंडातून काढलेली. म्हणून मांडवाची मेढ रोवण्याआधी धवलारीण विचारते की ही भुई कोणाची. घरधनी मांडवाबाहेर उभा राहून ज्यानं ती भुई राखली त्याचं नाव सांगतो. मग त्या नावाच्या घरातलं कोणीतरी आतून हाक देतं, ‘ये, भुई तुजीच’, आणि मगच घरधन्यानं आत पाऊल टाकायचं. बहुतेक वेळा नाव त्याच्याच आज्याचं असायचं आणि हाक त्याचाच भाऊ द्यायचा. मुलं हसायची. स्वतःच्याच अंगणात जायला काय बोलावणं लागतं म्हणून.

हसुरामच्या बंगल्याखालची भुई आमच्या पोशाची. पोशा माझा आजा, आत्याचा बाप.

आत्या लहान असताना एका उधाणात बांधाला खांड पडली. बांध फुटून वाट झाली की तिला खांड म्हणतात. खारं पाणी भातात शिरलं म्हणजे पुढली काही वर्षं गवतही उगवत नाही. सगळा गाव चिखलाची ढेकळं घेऊन धावला. पोशा खांडीत उतरला आणि पाण्याकडं पाठ करून उभा राहिला, म्हणजे त्याच्या आडोशानं बाकीच्यांना ढेकळं रचता यावीत. त्याच्या शेजारी एक पोरगेला गडी उतरला होता. पाणी गळ्याशी आलं तेव्हा पोशानं त्या गड्याच्या कमरेला धरून त्याला बांधावर ढकललं. पोरगा वर आला. पोशा ओहोटीला सापडला, उघाडीच्या दारात अडकलेला.

तो पोरगा म्हणजे हसुराम.

त्याच आठवड्यात गाव देवळात बसलं आणि हसुराम स्वतः उठून बोलला की खांडीखालचा तुकडा पोशाच्या घराला द्या, तो त्याचाच झाला. गावानं दिला. कागद कोणी केला नाही, गावात तेव्हा शब्दच पुरायचा. पुढे शहर आलं. मोजणीवाले आले, आजीला त्यांची भाषा कळेना, माझा बाप तेव्हा शाळेत. हसुराम गावचा पुढारी झाला होता, तोच मोजणीवाल्यांबरोबर फिरला. खांडीखालचा तुकडा कोणाच्या नावावर लागला ते आम्हाला कळलं तेव्हा त्यावर मुरुमाचे डंपर रिकामे होत होते. आजी त्याच्या दारात गेली. त्यानं तिला सांगितलं, “कागद माझे नावान असला म्हून काय झाला, काकी? भुई तुमचीच.” आजीनं ते खरं मानलं. पुढे बंगला उभा राहिला तेव्हा तिला कळलं, आणि त्यानंतर ती त्या रस्त्यानं कधी गेली नाही. बंगल्याला त्यानं आपल्या बापाचं नाव दिलं. फाटकावर संगमरवराची पाटी लावली, ‘बामा-कृपा’.

ह्या सगळ्याबद्दल आत्या कधी भांडली नाही. ती लोकांची लग्नं लावत राहिली. थंड पाणी प्यायची नाही, आंबट खायची नाही, आवाज जपायची. मला वाटायचं, कलेची केवढी ही आवड!

मांडवाच्या दिवशी सकाळीच ऊन चढलं होतं. अंगणात झालरी, फुलं, पंखे, दोन कॅमेरे, आणि आत्यासमोर माइक. इमारतींच्या बाल्कन्यांत लोक येऊन उभे राहिले होते. मधोमध मेढीचा खड्डा खणून ठेवला होता आणि शेजारी उंबराची फांदी. श्रुतिका पिवळं पातळ नेसून पाटावर बसली होती. गोड पोर. येताच तिनं आत्याच्या पाया पडून विचारलं होतं, “गोमीआजी, मला सगळं नीट सांगाल ना? मला काहीच येत नाही.” आत्यानं तिच्या गालावरून हात फिरवला, आणि तो फिरवला तो मनापासून. मी पाहिलं ते.

हसुराम फाटकाबाहेर रस्त्यावर उभा राहिला. पांढरं धोतर, पांढरा सदरा, डोक्यावर लाल टोपी. मांडवात यायचं म्हणून त्यानं चपला काढून नोकराकडं दिल्या होत्या.

आत्यानं सुरू केलं.

“मेढ रोवायची गो, मेढ रोवायची,
सांग घरधनी, भुई ही कोनाची?”

आम्ही झेललं. हसुराम हसून म्हणाला, “माजी.”

बायकांत हशा पिकला. कोणी म्हणालं, असा नाय, नाव सांग. आत्या हसली नाही की रागावली नाही. तिनं तीच ओळ पुन्हा म्हटली, त्याच सुरात.

“बामाची,” हसुराम म्हणाला.

आता झेल आमचा होता. ‘बामाची गो बामाची’ एवढं म्हटलं की संपलं. मी तोंड बंद ठेवलं. माझ्या शेजारची पदीबाय सत्तरीची, तिनं खांडीतला पोशा पाहिलेला. तिनंही तोंड मिटलं. मग मागच्या म्हाताऱ्या गप्प राहिल्या, आणि म्हाताऱ्या गप्प म्हणून तरण्या गप्प. पंख्यांची घरघर तेवढी माइकमधून ऐकू येत होती.

आत्यानं ओळ पुन्हा म्हटली.

हसुराम घामाघूम झाला होता. शूटिंगवाला ओरडला, “काका, जरा मोठ्यानं सांगा, आवाज येत नाही.” हसुरामचा मुलगा पुढे झाला, “गोमीआते, झालं की सांगून त्यांचं.” आत्यानं त्याच्याकडं पाहिलंसुद्धा नाही. पुन्हा तीच ओळ. तिचा आवाज जराही चढला नव्हता. लेकराला थोपटावं तशी ती विचारत होती.

तेव्हा श्रुतिका पाटावरून वळली. हसतच म्हणाली, “सांगा ना आजोबा. कोणाची?”

म्हाताऱ्यानं तिच्याकडं पाहिलं. तिच्या ओटीत नारळ होता, तांदूळ होते. भुईच्या धवल्यात खोटं बोललं की ते ओटीत पडतं असं आमच्यात मानतात. मी मानत नाही, तुम्ही मानणार नाही, श्रुतिकाला तर ते माहीतही नव्हतं. तो मानत होता. मोजणीवाल्यांसमोर ज्याची जीभ अडखळली नाही तो माणूस तोंड उघडून नुसता उभा राहिला.

“पोशाची,” तो म्हणाला.

आम्ही झेल घेतला. काय घेतला म्हणून सांगू! पदीबाय तर उठून उभी राहिली. ‘पोशाची गो पोशाची’, सगळ्या बायकांचा आवाज, त्यात कर्णे, सेक्टरभर गेला. बाल्कन्यांतले लोक टाळ्या वाजवायला लागले, त्यांना वाटलं गाणं रंगलं. माझ्या डोळ्यांतून पाणी येत होतं आणि मी ते पुसत नव्हते. आजी ज्या रस्त्यानं जायची बंद झाली होती, त्या रस्त्यावर तिच्या नवऱ्याचं नाव निघालं होतं, आणि ते चोराच्या तोंडून.

मला वाटलं झालं. ह्याचसाठी आत्यानं सुपारी घेतली.

झेल संपला. आता हाक. पोशाच्या घरातलं माणूस म्हणजे आत्या आणि मी. हसुरामनं उजवं पाऊल उचललं, फाटकाच्या रुळावर आणलं आणि थांबला.

आत्यानं तांब्यातलं पाणी घेतलं. कोमट. दोन घोट प्याली. उठून उंबराची फांदी स्वतः उचलली, खड्ड्यात रोवली, तिला हळदीचा हात लावला. खाली बसली. आणि तेलाचा धवला सुरू केला.

मधलं एक वाक्य तिनं गाळलं होतं. कोणाला कळायला वेळ लागला. मी झेल घेताना अडखळले, तिनं मांडीला चिमटा काढला तशी सावरले. हसुरामचं पाऊल रुळावरून हळूच मागे गेलं.

तेल झालं, हळद झाली. असा गोड धवला मी आत्याच्या तोंडून त्याआधी ऐकला नव्हता, त्यानंतरही नाही. श्रुतिकासाठी तिनं काही हातचं राखलं नाही. बाहेर डांबर तापलं होतं आणि हसुराम अनवाणी, एकदा ह्या पायावर, एकदा त्या. नोकर चपला घेऊन आत कुठं हरवला होता. शेवटी मुलानं खुर्ची नेऊन दिली.

“बाबा, चला आत. काय खुळ्यासारखं? स्वतःच्या घरात यायला परवानगी लागते का?”

“हाक नाय आली,” हसुराम म्हणाला.

“कसली हाक?”

“तुना नाय कलनार.”

हीच त्याची चूक, आणि ही फक्त आमच्यातल्याच माणसाची चूक. कागद त्याचा होता, पाटी त्याची होती, वकील त्याचे होते. सरळ चालत आत आला असता तर त्याला कोण अडवणार होतं? पण तो खारदेवलीचा होता. भुई चोरताना भ्याला नाही, आणि न बोलावता तिच्यावर पाऊल ठेवायला भ्याला.

दुपारी श्रुतिका आत्याजवळ आली. हळदीनं माखलेली, रडवेली. “गोमीआजी, आजोबांना बोलवा ना. तुम्हीच बोलवायचं असतं म्हणे. ते जेवले नाहीत.”

आत्यानं तिला जवळ घेतलं. “तुजा संसार सोन्याचा होवदे, बाय. त्यान मी काय उना ठेवला नाय. पन तुजे आजाला मी भायेर नाय काढला. तो आदीपासूनच भायेर हुता. आज तुमाना दिसला, इतकाच.”

पोरगी तोंडात हळदीचा पदर कोंबून आत पळाली. ते मला बघवलं नाही. मी आत्याला म्हटलं, पुरे झालं. नाव घेतलं त्यानं, साऱ्या गावासमोर घेतलं. आता ‘ये’ म्हण आणि मिटव.

आत्या पानाला चुना लावत होती. म्हणाली, “तू बोलाव.”

“मी?”

“तू पन पोशाचीच. तुजा पन हक हाय. जा, बोलाव. मी कय बोलनार नाय तुना.”

मी उठले. फाटकाकडं चालत गेले. मांडवातलं बोलणं माझ्या मागे थांबत गेलं. हसुरामनं मला येताना पाहिलं आणि खुर्चीवरून उठला. टोपी सरळ केली. त्याचे डोळे लाल झाले होते, ओठ सुकले होते. एकदम म्हातारा दिसत होता.

“बोल, बाय,” तो म्हणाला. हात जोडल्यासारखे झाले होते त्याचे.

शब्द माझ्या तोंडात आला होता. खरंच आला होता. पण त्याच्या खांद्याशेजारी फाटकाचा खांब होता आणि खांबावर ती संगमरवरी पाटी. बामा-कृपा. सकाळी कोणीतरी ती पुसून तिला झेंडूची माळ घातली होती. पोशाला समुद्रानं नेलं, आणि त्याच्या भुईवर कृपा बामाची.

मी पाटी वाचली, त्याच्याकडं पाहिलं आणि म्हणाले, “ऊन लय हाय. खुर्ची सावलीन घ्या.”

आणि परत आत येऊन आत्याच्या शेजारी बसले. तिनं पान माझ्या हातात दिलं. मला बरं वाटलं. फार बरं वाटलं, आजही वाटतं.

दुसऱ्या दिवशी लग्न लागलं. अक्षता पडल्या तेव्हा हसुरामनं त्या रस्त्यावरून टाकल्या. त्या मांडवापर्यंत पोचल्या नाहीत.

त्या दिवसापासून गावातले लोक त्या कोपऱ्याला ‘पोशाची भुई’ म्हणायला लागले. आधी चेष्टेनं, मग सवयीनं. पुढे तिथं रिक्षांचा थांबा झाला. मढव्यांनी खटपट करून कोपऱ्यावर हसुरामच्या बापाच्या नावाचा निळा फलकही लावून घेतला. तो अजून आहे, कोणी वाचत नाही. थांब्यावरचे रिक्षावाले जौनपूरचे, बिदरचे, कुठकुठले. पोशा कोण, त्यांना ठाऊक नाही. ते ‘पोशा नाका’ म्हणतात.

आत्या गेली. तिच्यामागं धवला माझ्याकडं आला, आणि धवल्याबरोबर ती न दिलेली हाकही आली. जाताना आत्यानं त्या हाकेबद्दल काही सांगून ठेवलं नाही. मीही विचारलं नव्हतं.

हसुराम एकदाच आमच्याकडं आला. नव्वदीला टेकला होता, एकटाच. मी ओटीवर तांदूळ निवडत होते. तो पायरीखाली उभा राहिला. चपला काढून हातात घेतल्या होत्या. आमची तीच खुर्ची ओटीवर होती, रिकामी.

“कुंदाबाय,” तो म्हणाला, “येव का?”

मी सूप बाजूला ठेवलं.

“पानी आनतंय,” म्हटलं.

तांब्या भरून आणला आणि वाकून पायरीखाली त्याच्या हातात दिला. तो उभ्यानं प्याला. सगळं प्याला. तांब्या पायरीवर ठेवला आणि जरा थांबला, मी काही म्हणते का म्हणून. मी तांदूळ निवडायला घेतले.

तो हळूहळू गल्लीच्या तोंडाशी गेला. एक रिक्षा थांबली. रिक्षावाल्यानं विचारलं, कहाँ जाना है, बाबा? हसुरामनं आधी सेक्टर सांगितला, मग प्लॉटचा नंबर सांगितला. रिक्षावाल्याला उमगेना. मग बापाच्या नावाचा चौक सांगितला, तोही उमगेना.

मी सूप हातात धरून ऐकत होते.

“पोशा नाका,” हसुराम म्हणाला, आणि आत बसला.